शिंगाळ्याला दिलेली अकरा इंजेक्शनं

मु. करावे, शुक्रवार

प्रिय बायजाआक्का,

तुझ्या धाकट्या चुलतभावाचा, वामनचा, वाकून नमस्कार. (खरंच वाकून. गेला महिनाभर कुत्र्यापुढे ओणवा होऊन कंबर सरळ होत नाही, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? खांदेश्वरला मंजुषाच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, म्हणजे जिने तरी सुटले असतील. जावई, नातवंडं बरी असतील. आम्ही इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे. सुचिता खुशाल आहे, शेठ खुशाल आहे. मी नाही, आणि ते बरोबरच आहे.

फोन तू उचलत नाहीस. दोनदा खांदेश्वरला येऊन गेलो, दोन्ही वेळा मंजुषाने दारातच सांगितलं, आई आंघोळीला गेलीय. (दुसऱ्या वेळी दुपारचे तीन वाजले होते आणि आतून तुझा खोकला ऐकू येत होता. पण मी काही बोललो नाही. न बोलण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे तुला ठाऊकच आहे.) म्हणून हे पत्र. तुला वाचायला त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढलंय. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि शाई संपेल. बारा दिवसांपूर्वी तुझ्या मासळीच्या पाटीवरच्या शिंगाळ्यात इंजेक्शन मारलेलं निघालं म्हणून गावात बोंब झाली. तुझ्याकडे कोणी फिरकेना, आणि चाळीस वर्षं त्याच जागेवर बसणारी तू पाटी उलटी घालून लेकीकडे निघून गेलीस. ते इंजेक्शन मी मारलं होतं. एक नाही, अकरा मारली होती. आता कशी मारली ते सांगतो, म्हणजे शिव्या घालताना तुझ्याकडून काही राहून जायला नको.

सुरुवात शेठपासून. शेठ म्हणजे आमच्या जागृतीने कॉलेजात असताना खाडीच्या बांधावरून उचलून आणलेलं पिल्लू. पोर नोकरीला बंगळूरला गेली आणि पिल्लू आमच्या ओट्यावर राहिलं. दिवसभर लोळायचं, येणाऱ्याजाणाऱ्याकडे अर्धा डोळा उघडून बघायचं आणि भाडेकरू देतील ते खायचं, म्हणून त्याचं नाव शेठ पडलं. (बिल्डिंग माझी, पण भाडेकरू मला काका म्हणतात आणि त्याला शेठ.) तर दिवाळीनंतर हा बादलीबादलीने पाणी प्यायला लागला, ओटा धुऊन धुऊन सुचिताचे हात गेले, आणि खाऊनपिऊन अंगावरचं मांस मात्र उतरायला लागलं. जुईनगरच्या डॉक्टर अक्षताबाईंनी रक्त तपासून सांगितलं, याला साखर झाली आहे. आपल्या आळीत साखर कोणाला नाही? पण माणसाला गोळी चालते, कुत्र्याला सुईच लागते. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, खाऊन झाल्यावर, जन्मभर. आमच्या शेजारच्या सुमित्राबाईंनी कारल्याचा रस सुचवला. शेठने तो एकदा हुंगला आणि चार तास घर सोडून गेला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, सुरुवातीला आमचा माणूस घरी येऊन देईल, तुम्ही बघून शिका. आता इथे खरी चूक झाली. मी म्हणालो, गरज नाही, कंपनीत असताना माझं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालंय. सुचिताने माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की मला पुढचं सांगावंसं वाटेना. पुढचं म्हणजे, त्या ट्रेनिंगमध्ये मी दोन दिवस जखमी माणूस म्हणून स्ट्रेचरवर पडून होतो. अंगाने हलका, म्हणून मला निवडलं होतं.

इंजेक्शन देणं अगदी सोपं आहे, आक्का. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून वर उचलायची, तिचा तंबू होतो, त्या तंबूत सुई घालायची आणि दाबायचं. संपलं. पहिल्या दिवशी मी तंबू केला, देवाचं नाव घेतलं, सुई घातली आणि दाबलं. सुई एका बाजूने आत गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली. सगळं औषध केसांत. दोन दिवस शेठच्या मानेला दवाखान्याचा वास येत होता आणि साखर जिथल्या तिथे. तिसऱ्या दिवशी सुई माझ्याच अंगठ्यात गेली. आत औषध गेलं की नाही कळेना, आणि गेलं असेल तर आपली साखर उतरून आपण ओट्यावर आडवे होऊ या भीतीने मी सुचिताच्या नकळत देवापुढचे पाच पेढे खाल्ले. (नैवेद्य कोणी खाल्ला म्हणून ती शेठवर ओरडली. आजाऱ्यावर आळ घेतला म्हणून मला फार वाईट वाटलं. पण गप्प राहिलो. तेव्हाच ओळखायला हवं होतं, माझी गाडी कुठल्या रस्त्याला लागलीय ते.)

आणि तो मुका जीव एकदाही चावला नाही गं. नुसता मान खाली घालून उभा राहायचा आणि झालं की दार उघडून दे म्हणून माझ्याकडे बघायचा. चावला असता तर बरं वाटलं असतं. वजन उतरतच होतं. डॉक्टरबाईंना खरं सांगितलं (त्यांना सांगितलं, बायकोला नाही), तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, संत्र्यावर साध्या पाण्याने सराव करा, हात बसेल, पण लवकर करा, याच्याकडे वेळ कमी आहे.

मी अर्धा डझन संत्री टोचली. पण संत्र्याची साल जाड, तिला चिमटीत धरता येत नाही आणि पाणी सालीखाली राहिलं की पार निघून गेलं हे कळायला मार्ग नाही. मुंबईतल्या माणसाने संत्र्यावर समाधान मानलं असतं. पण आपण पडलो कराव्याचे! मला वाटलं, कातडी म्हटली की मासळी. मग मी खुर्चीत बसून विचार केला, अगदी आपले आजोबा जाळं टाकण्याआधी करायचे तसा. जिताड्याला खवले, सुई वाकणार. बोंबलाला कातडी असून नसल्यासारखी. पापलेट चपटं, तंबूच होणार नाही. शिंगाळ्याला मात्र खवले नाहीत, कातडी चिवट आणि खाली भरपूर मांस. मला स्वतःच्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की चहा घ्यायचाही राहिला.

त्या शनिवारी सकाळी म्हणून तुझ्याकडे आलो. दुसऱ्या कोणाकडून घेतला असता तर तू गावभर माझी लाज काढली असतीस, म्हणून तुझ्याकडेच. तू म्हणालीस, दोन मानसांना एवरा मोठा शिंगाला कनाला रं? मी म्हणालो, पाहुणे आहेत. तू मग पाटीतला बाजूला काढलास आणि बर्फाखालचा दिलास, सकाळचाच आहे म्हणून. तो सकाळचाच होता, आक्का. मी वास घेऊन बघितला होता.

सुचिता जुईनगरला माहेरी गेली होती. मी शिंगाळा गच्चीवर नेला, वर्तमानपत्रावर ठेवला आणि नवी सुई काढली. पाणी कुठे जातंय ते दिसावं म्हणून त्यात कपड्यांची नीळ कालवली. (ही कल्पनाही माझीच. या सबंध प्रकरणात दुसऱ्या कोणाची एकही कल्पना नाही.) पहिली चार इंजेक्शनं आरपार गेली, माझ्या लेंग्यावर अजून ठिपके आहेत. पाचव्यापासून जमायला लागलं. अकरावं असं गेलं की बाहेर थेंब नाही आणि कातडीखाली बदामाएवढा फुगवटा. मी एकटाच गच्चीवर मोठ्याने वा म्हणालो. ती मासळी तेव्हाच खड्डा करून पुरायला हवी होती. पण मला वाटलं, एवढं छान जमलंय, संध्याकाळी कापून बघू आत निळं कसं दिसतं ते. डब्यात घालून फ्रिजमध्ये मागे ठेवली. सात वाजले, शेठला खायला घातलं, सुई दिली, आणि पहिल्यांदा नीट दिली! त्याला कळलंही नाही. त्या आनंदात मी त्याला बांधावर फिरायला घेऊन गेलो.

परत आलो तर स्वयंपाकघरात हसणं चाललेलं. सुचिता आपल्या भावाला, मितेशला, आणि त्याच्या बायकोला घेऊन आली होती. तिला फ्रिजमध्ये शिंगाळा सापडला होता. माझ्या माहेरची माणसं येतील म्हणून यांनी न सांगता शिंगाळा आणून ठेवला, असं ती वहिनीला सांगत होती. आक्का, चौतीस वर्षांच्या संसारात ती माझं असं कौतुक करताना मी पहिल्यांदा ऐकलं. मी दारात उभा राहिलो आणि म्हटलं, एक मिनिट ऐकून घेऊ, मग सांगू. त्या एका मिनिटात तिने सुरी फिरवली.

निळं दिसल्यावर सुचिताने सुरी खाली ठेवली. मग मितेशने मोबाईलचा टॉर्च लावून भोकं मोजली. अकरा. मी मनात त्याच्याबरोबर मोजत होतो. तो म्हणाला, भावोजी, याला इंजेक्शन मारलंय, टिकायला मारतात, मी व्हिडिओत बघितलंय, कुठल्या पाटीवरून आणलात? आणि मी तुझं नाव सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. पण सुचिताचं तोंड इतकं उतरलं होतं, माहेरच्यांसमोर तिचा शिंगाळा गेला होता, आणि मितेश म्हणत होता, असं करणाऱ्याला गाढवावर बसवलं पाहिजे. पहिल्या मिनिटाला बोललो असतो तर सगळे हसले असते. पाचव्या मिनिटाला बोललो असतो तर सुचिता आठवडाभर बोलली नसती. दहाव्या मिनिटाला फोटो तुझ्या नावासकट आळीच्या बायकांच्या ग्रुपवर गेला होता, आणि नऊच्या आत तो फिरून आमच्या खालच्या भाडेकरूने मलाच पाठवला, काका सांभाळून, असं लिहून.

आता रविवारचं लिहितो. बाजारात तुझ्यापुढे गर्दी होती पण घेणारं कोणी नव्हतं. तू कोयता काढलास आणि पाटीतली मासळी एकेक करून सगळ्यांसमोर चिरलीस. सुरमई, रावस, उरलेले शिंगाळे, सगळी. पांढरी स्वच्छ. विकण्यासारखी एकही राहिली नाही, पण तू थांबली नाहीस. मग मी दिसलो. तू ओरडली नाहीस. मी तुझं ओरडणं जन्मभर ऐकलंय, ते नव्हतं ते. हळूच म्हणालीस, वामन, तू न्हेलास ना, तू सांग, काय व्हता त्यान?

आणि मी म्हणालो, मला मासळीतलं काय कळत नाय.

कराव्यात जन्मलेला माणूस. लहानपणी तुझ्या कडेवर बसून चिंबोऱ्या धरायला शिकलेला. त्याला मासळीतलं कळत नाही. गर्दीतले दोघेतिघे हसले, तू हसली नाहीस. कोयता पुसलास, पाटी उलटी घातलीस आणि गेलीस. मला वाटलं होतं तू मला हाक मारशील, मग मी सांगेन. आपल्या चुका दुसऱ्याने हाक मारून काढून घ्याव्यात अशी माझी जुनी खोड आहे.

बारा दिवसांत मी काय केलं? शेठला चोवीस इंजेक्शनं दिली, सगळी नीट. त्याचं वजन दीड किलो वाढलं, ओटा कोरडा असतो. परवा डॉक्टरबाई म्हणाल्या, काका, तुमचा हात छान बसलाय, कसा बसवलात? मी म्हणालो, संत्र्यावर. तिथेही खोटंच. दवाखान्यातून खाली उतरलो आणि रस्त्याच्या कडेला शेठला धरून उभा राहिलो, आणि मला रडू आलं. माझा हात बसावा म्हणून तुझं बसणं गेलं. माफ कर असं लिहायची माझी लायकी नाही, तरी लिहितो. माफ कर, आक्का.

आता ठरवलंय. आज रात्री सुचिताला सगळं सांगणार आणि उद्या सकाळी त्याच ग्रुपवर माझ्या नावाने लिहून टाकणार. मग तुला कोणापुढे मान खाली घालायला नको. तू ये.

मंजुषाला आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांना तीळतेल लाव.

तुझा नालायक भाऊ,
वामन

ता. क. (शनिवार) पत्र टाकायचं राहिलं, ते बरं झालं. काल सुचिताला सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, बहिणीसाठी एवढं खोटं बोलताय? मी निळीची पुडी दाखवली, लेंगा दाखवला. ती म्हणाली, लेंग्यावर तर तुमच्या काहीही असतं. आणि तुम्हाला सरावाची काय गरज, तुमचं तर ट्रेनिंग झालंय!

ता. क. २ (शनिवार संध्याकाळ) ग्रुपवरही टाकलं. सुचिताच्या फोनवरून, सगळं, निळीसकट. एकीचाही विश्वास बसला नाही. बेचाळीस जणींनी हात जोडलेली चित्रं पाठवली. सुमित्राबाईंनी लिहिलं, असा भाऊ सगळ्यांना मिळो. मितेशचा फोन आला, भावोजी, मानलं तुम्हाला. आक्का, मी बारा दिवस खोटं वागलो तेव्हा कोणी मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि खरं बोललो तर माझा सत्कार करायची भाषा चाललीय. तुझी पाटी मात्र तशीच उलटी आहे.

ता. क. ३ (रविवार) म्हणून खरं काम आता लिहितो, वर नुसतं ‘तू ये’ लिहिलं ते धरू नकोस. नुसती येऊ नकोस, येताना एक शिंगाळा घेऊन ये. मी बाजारात बसून सगळ्यांसमोर निळीचं पाणी भरून त्याला टोचून दाखवणार आहे, मग चिरून दाखवणार. डोळ्यांनी बघितल्यावर तरी पटेल. पण मला शिंगाळा कोणी देत नाही. त्या फोटोपासून सगळ्यांचाच धंदा बसलाय आणि फोटो आमच्या घरातून गेलाय, त्यामुळे मी दिसलो की बाया पाटीवर गोणपाट टाकतात. सीवूड्सला जाऊन घेतला असता, पण तिकडचा टोचून दाखवला तर म्हणतील, तो तिकडचा होता. तो तुझ्याच हातून आलेला लागेल. दिलास तर मी समजेन काय समजायचं ते. नाही दिलास तरी समजेन.

ता. क. ४ आणि आल्यावर माझ्याशी गोड बोलू नकोस, लोकांना वाटेल आपलं आधीच ठरलंय. आधी चार शिव्या घाल. माझ्या खरं बोलण्यावर गावाचा विश्वास नाही, पण तुझ्या शिव्यांवर आहे. लोक जमले की त्या रविवारी विचारलंस तेच परत विचार, तेवढ्याच हळू आवाजात. मी पुढच्या रविवारी सकाळी आठपासून तुझ्या रिकाम्या जागेसमोर बसलेला असेन. तू आली नाहीस तर त्याच्या पुढच्या रविवारीही बसेन.